रिकाम्या गाडीचं वजन

मंगळवारी सकाळी चहासाठी पाणी उकळायची वाट बघत उभी असताना ग्लेंडा हार्ग्रीव्ह्जला कळलं की आपण हिरव्या आहोत. किटलीच्या वरच्या भिंतीवर, जिथे गेली कित्येक वर्षं ‘आपापला कप आपण विसळावा’ अशी विनंतीवजा धमकी लटकत होती, तिथे टॅम्सिनने एक मोठा तक्ता चिकटवला होता. डावीकडे टीममधल्या नऊ जणांची नावं, नावापुढे आकडा, आकड्यामागे रंग. लाल म्हणजे या माणसावर झेपेल त्याहून जास्त ओझं आहे. नारिंगी म्हणजे बेताचं. हिरवं म्हणजे जागा आहे. क्लाइव्ह असा लालभडक होता की त्याच्या नावाशेजारी हात धरला तर चटका बसेल. फेमीसुद्धा, येऊन जेमतेम सहा महिने झालेली, लाल. आठ जण लाल आणि नारिंगी, आणि अगदी खाली, ताटात कोथिंबिरीची काडी पडावी तशी एकटी ग्लेंडा. पाणी उकळलं, किटली आपोआप बंद झाली, तरी ती तशीच उभी राहिली. एकतीस वर्षं. एकतीस वर्षं ती मनोरुग्णांची नर्स म्हणून लोकांच्या घरी जात होती. ज्यांना भिंतीतून आवाज येतात, जे तीन आठवडे पडदे उघडत नाहीत, ज्यांनी शेजाऱ्याच्या कुंड्यांवर रात्रभर पहारा केला, त्यांच्या स्वयंपाकघरात बसून तिने बादल्यांनी चहा प्यायला होता. आणि या सगळ्याची बेरीज काय, तर जागा आहे. तिला पहिल्यांदा राग आला नाही. पहिल्यांदा तिला लाज वाटली, आणि लाज का वाटावी याचा मग राग आला.

“बघितलंस का?” टॅम्सिन मागून आली. टॅम्सिन टीमची प्रमुख, वय चौतीस, स्वभावाने चांगली, फक्त तिला आकड्यांनी माणसं सुखी होतात असा विश्वास होता. “आता कोणावर अन्याय नाही. प्रत्येक रुग्णाला गुण. धोका किती, घरी कोण, भेटी किती, अंतर किती, कागद किती. गुण म्हणजे वजन. ज्याचं वजन कमी, तो नवीन नावं घेणार. म्हणजे मंगळवारी ते सगळं... तुला माहितीय.”

“माझ्याकडे माणसं सगळ्यात जास्त आहेत, टॅम्सिन. चौतीस.”

“हो ना, पण हलकी आहेत.” टॅम्सिनने हे कौतुकाने म्हटलं. “पुढच्या मंगळवारी तुला दोन नवीन. आणि एका गुणाची जी माणसं आहेत ती सगळ्यांनीच फॅमिली डॉक्टरकडे परत पाठवायची. तुझ्याकडे एकच आहे, ऑर्मरॉड. नऊ वर्षांत काही झालेलं नाही त्यांना. गुरुवारी जाशील तेव्हा फॉर्म पुन्हा एकदा भर आणि सांगून ये. दुधाचा डबा संपलाय का गं?”

दुधाचा डबा संपला होता. ग्लेंडाने काळा चहा घेतला आणि वाटपाच्या बैठकीला जाऊन बसली.

टॅम्सिनला ‘ते सगळं’ म्हणून जे म्हणायचं होतं, ते म्हणजे शांतता. स्कारबेकसारख्या पावसाळी, चढउताराच्या गावात जुन्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर मंगळवारी साडेनऊला नऊ जण गोल बसायचे. टॅम्सिन नव्या माणसांचे कागद एकेक करून वाचायची. नाव नाही, नुसती आद्याक्षरं; कारण फार पूर्वी एकदा नाव वाचलं आणि ते तिथेच बसलेल्या एकीच्या दिराचं निघालं. बाई, एकोणपन्नास, जिना उतरत नाहीत. पुरुष, तेवीस, आईशी चिठ्ठ्यांनी बोलतो. मग टॅम्सिन कागद खाली ठेवून म्हणायची, “कोण घेतंय?” आणि ती शांतता सुरू व्हायची. क्लाइव्ह वाकून बुटाची नाडी तपासायचा. त्याचे बूट बिननाडीचे होते. कोणी डायरी उघडून पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये काहीतरी शोधायचं. कोणी चष्मा पुसायचं. परदेशातून, इबादानहून आलेली फेमी पहिला महिनाभर या वेळी डोळे मिटून, हात जोडून बसायची. तिला वाटायचं, रुग्णासाठी प्रार्थना चालू आहे. “आमेन” म्हणायचं कधी, एवढंच तिने ग्लेंडाला हळूच विचारलं होतं. आणि ग्लेंडाला ती शांतता सोसायची नाही. पहिली दहा सेकंदं ती आपल्या चहाकडे बघायची. मग कानामागे ऊन लागायला लागायचं. मग त्या कागदातला माणूस, जिना न उतरणारी ती बाई, जणू दाराबाहेर कोट घालून उभी आहे आणि आतली ही शांतता ऐकते आहे असं तिला वाटायचं. मग तिच्याच तोंडून, पण तिला न विचारता, शब्द यायचे: “मी घेते.” आठ जणांचे श्वास एकदम सुटायचे. क्लाइव्हची नाडी लगेच बांधून व्हायची.

ही सवय कुठून लागली ते तिला ठाऊक होतं. दुसऱ्यांच्या सवयी शोधण्यात आयुष्य गेल्यावर स्वतःची एखादी सापडतेच. रविवारचं जेवण, वडील, आई, दोन भाऊ, ती. ओव्हनमधले भाजलेले बटाटे. मधल्या ताटलीत शेवटी नेहमी एक बटाटा उरायचा. तो कोणी घ्यायचा नाही, कारण शेवटचा घेणं बरं दिसत नाही. वडील म्हणायचे, “घ्या की कोणीतरी.” कोणी हलायचं नाही. घड्याळ टिकटिकायचं, बटाटा गार व्हायचा, आई खिडकीकडे बघायची, आणि सात वर्षांच्या ग्लेंडाला ते सोसायचं नाही. सगळ्यांची सुटका व्हावी म्हणून ती काटा पुढे करायची. सुटका व्हायची, आणि वर आई हसून म्हणायची, “आमची ग्लेंडा म्हणजे हावरट.” लग्नातसुद्धा मावशीने भाषणात ते सांगितलं होतं. तिला बटाटे कधी फारसे आवडले नाहीत. पुढे ते लग्न मोडायची वेळ आली तेव्हा ती आणि रॉजर एका शहाण्या बाईंकडे गेले होते, भांडण न करता वेगळं कसं व्हायचं ते शिकायला. त्या बाईंनी विचारलं, “मग घर कोण सोडणार?” आणि शांतता पसरली. ग्लेंडाने दहा सेकंदं गालिच्याकडे बघितलं. पुढचं सांगायला नको. घर तिच्या आजीचं होतं. रॉजर अजून तिथेच राहतो, आणि नाताळला कार्ड पाठवतो.

आता या मंगळवारीही एक कागद वाचला गेला, आणि तो तिनेच घेतला, हिरवी असो की नसो. पण ते होत असताना तिच्या डोक्यात तो पुरुष, तेवीस, नव्हताच. तिच्या डोक्यात ऑर्मरॉड होते, एक गुण.

ऑर्मरॉड यांच्याकडे ती अकरा वर्षं जात होती, एकाआड एक गुरुवारी, दुपारी अडीचला. दगडखाणीच्या वजनकाट्यावर त्यांनी अडतीस वर्षं काढली. खाण बंद झाली, दोन वर्षांत बायको गेली, आणि मग त्यांच्या बैठकीच्या खोलीतून ट्रक जायला लागले. एकामागून एक, भरलेले, आणि सगळ्यांचं वजन करायचं राहून गेलेलं. ते दोनदा इस्पितळात राहून आले होते. मग ग्लेंडा जायला लागली. गोळ्या होत्याच, पण गोळ्यांबरोबर दर पंधरा दिवसांनी एक बाई यायची, क्रीमची दोन बिस्किटं खायची, आणि त्या पंधरवड्यात किती ट्रक आले ते विचारायची. आकडा उतरत गेला. नऊ वर्षांपूर्वी एका गुरुवारी ते म्हणाले, “एकही नाही, सिस्टर,” आणि दोघं जण थोडी ओशाळली, कारण आता बोलायचं काय हा प्रश्न होता. तेव्हापासून ती हवापाण्याचं बोलत होती. हे सगळं कुठल्या रकान्यात लिहायचं? माणूस बरा आहे, कारण गुरुवार आहे. आणि माणूस बरा आहे, म्हणून गुरुवार नको. हे वाक्य गाडी चालवताना तिने मोठ्याने म्हणून बघितलं. मग दुसरी गोष्ट मनात आली, जी तिने मोठ्याने म्हटली नाही. ऑर्मरॉड यांचं काय होईल याची तिला काळजी होतीच, पण दर पंधरा दिवसांनी तो एक तास नसला तर आपलं काय होईल, याची त्याहून जास्त होती. नर्सने असं वाटून घेणं बरं नव्हे. तिने वायपर जोरात लावले, पाऊस तितकासा नसताना.

“आज पिशवी नऊ पौंड,” दार उघडताच ऑर्मरॉड म्हणाले. तिच्या खांद्यावरच्या पिशवीचं वजन ते नजरेने सांगायचे, आणि ते बहुधा बरोबर असायचं. “नेहमी सात असते. काय आणलंय?”

“कागद,” ग्लेंडा म्हणाली. तिने नेहमीप्रमाणे त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन चहा केला. त्यांचे हात थरथरायचे, म्हणून अकरा वर्षं चहा तीच करायची. मग समोर बसून तिने सगळं सांगितलं. लपवाछपवी तिला जमत नसे. तक्ता, गुण, हिरवं, लाल, एका गुणाला डॉक्टरकडे परत, सगळं.

ऑर्मरॉड यांनी चष्मा लावून फॉर्म वाचला. नोकरीत असताना ते वजनाच्या पावत्या अशाच वाचत असावेत, ओठ हलवत. “एक?” ते म्हणाले. “माझं वजन एक?”

“ही चांगली गोष्ट आहे, मिस्टर ऑर्मरॉड.”

“पलीकडच्या बार्बराचं किती आहे?”

“ते मला सांगता येत नाही.”

“म्हणजे जास्त आहे.” ते दुखावले गेले होते. “ती तर रोज बिंगो खेळायला जाते. मी म्हणतो सिस्टर, पुढच्या मंगळवारपर्यंत मी जरा बिघडलो तर? फार नाही. तीनपर्यंत.”

ग्लेंडाला हसू आलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने ते बिस्किटाच्या भुग्यावर ढकललं. क्लाइव्हची युक्ती तिला ठाऊक होती. एका बाईंच्या फॉर्मवर तो ‘घरात चावरा कुत्रा’ अशी नोंद ठेवून दोन गुण घेत होता. कुत्रा जाऊन पाच वर्षं झाली होती. सगळेच करत होते. धोक्याच्या रकान्यात एक बारीक खूण केली की ऑर्मरॉड तीनवर जाणार, आणि गुरुवार वाचणार. तिने पेन काढलं, त्या चौकोनावर धरलं. शाईचा एक ठिपका पडला. पण खाली सही तिची जायची होती, आणि ज्या माणसाने नऊ वर्षं खपून ट्रक दूर ठेवले, त्याच्या नावावर खोटा ट्रक चढवायचा, हे तिच्या हातून होईना. तिने एक लिहिला. “एकच आहे हो,” ती म्हणाली. “तुम्ही बरे आहात.”

“ते असू दे.” ऑर्मरॉड खुर्चीत सरसावून बसले. “पण हे वजनच चुकीचं आहे तुमचं. अडतीस वर्षं काट्यावर होतो, मला सांगू नका. भरलेला ट्रक काट्यावर घ्यायच्या आधी काय करतात?”

“काय?”

“रिकामा घेतात! रिकाम्या गाडीचं वजन आधी. ते वजा केलं तर माल किती ते कळतं. त्यात पण ड्रायव्हर लोक बदमाशी करायचे. रिकामी गाडी आणताना आत तीन जाडजूड मित्र बसवायचे, आणि भरून आणताना ते उतरलेले, म्हणजे कागदावर माल कमी. मी खिडकीतून वाकून बघायचो, उतरा रे गुलामांनो. तर, तुमच्या या तक्त्यात माल आहे, गाडी कुठाय? वाहून कोण नेतंय? तिचं किती? कोरा फॉर्म आहे का आणखी?”

“मिस्टर ऑर्मरॉड, हे असं नसतं.”

“आहे का नाही?”

होता. तिच्याकडे कोरे फॉर्म नेहमी असायचे, कारण त्या दरीत लॅपटॉपला नेट मिळत नसे. त्यांनी तो ओढून घेतला, तिचं पेन घेतलं, आणि खुर्ची अशी तिरकी केली की जणू ते काट्याच्या खिडकीत बसलेत आणि ती बाहेर उभी आहे. हात थरथरत होते, पण अक्षर कारकुनाचं, वळणदार निघत होतं. आद्याक्षरं, जी. एच. वय? अठ्ठावन्न. घरी कोण? कोणी नाही. झोप? “चार तास. कधी पाच.” जेवण? “जेवते की.” कुठे? “गाडीत,” ती म्हणाली. गाडी कुठे? “दहनगृहाच्या पार्किंगमध्ये. तिथं शांत असतं.” ऑर्मरॉड यांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि लिहिलं. गेली सुट्टी? तिला आठवेना. कोणाशी बोलता? “दिवसभर बोलतच असते.” “बोलता, का ऐकता?” ग्लेंडा काही बोलली नाही. तेही त्यांनी लिहून घेतलं. तिला गंमत वाटायची थांबली होती. हेच प्रश्न तिने हजार माणसांना विचारले होते, इतक्याच हळू आवाजात, आणि उत्तर देताना त्यांना असं उघड्यावर बसल्यासारखं वाटत असेल हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. रस्त्यावरून एक खराखुरा ट्रक गेला, आणि दोघांनी एकदम मान वर केली.

“शेवटचा रकाना,” ऑर्मरॉड म्हणाले. “सध्याचा आधार.”

“काही नाही, असं लिहा.”

“असं लिहिता येत नाही. काट्यावर शून्य येत नाही कधी.”

तिने चहाच्या कपाकडे बघितलं. दहा सेकंदं गेली असतील. “एकाआड एक गुरुवार,” ती म्हणाली. “एका वयस्कर गृहस्थांकडे चहा.” त्यांनी मान वर न करता ते उतरवून घेतलं, शेवटी पूर्णविराम दिला, तो दोनदा गिरवला. मग बेरीज केली. अकरा. “अकरा!” त्यांचा चेहरा फुलला. नऊ वर्षांत ते इतके खूष दिसले नव्हते. “रिकामी गाडी अकरा, आणि वर हे तुमच्यात माल टाकतायत!”

निघताना, ‘हा आपला शेवटचा गुरुवार’ एवढं सांगायचं तिच्याकडून राहून गेलं. खरं म्हणजे तिने सांगितलं नाही. तिने दोन्ही फॉर्म फायलीत सरकवले, आणि ऑर्मरॉड दारात उभे राहून म्हणाले, “आता सात पौंड वाटतेय हां पिशवी.” शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघताना तिने आठवड्याचा गठ्ठा टॅम्सिनच्या ट्रेमध्ये टाकला. तो दुसरा फॉर्म त्या गठ्ठ्यात चुकून राहिला का, हे पुढे तिने स्वतःला बऱ्याचदा विचारलं. गठ्ठा चाळून बघायची तिची सवय होती. त्या दिवशी घाई होती. घरी जाऊन काही करायचं नव्हतं, तरी घाई होती.

मंगळवार आला. दूध आणलेलं होतं. टॅम्सिनने आधी परत पाठवायच्या लोकांची यादी वाचली, सहा आद्याक्षरं, आणि त्यांतली पाचवी ऐकताना ग्लेंडाने कप दोन्ही हातांनी धरला. एवढंच. अकरा वर्षं, दोन अक्षरं, आणि टॅम्सिनचं पेन पुढच्या ओळीवर. मग नवी नावं. “ही बाई,” टॅम्सिनने कागद वर उचलला. “कुठल्या दवाखान्यातून आलीय कळत नाही, पण अक्षर काय सुंदर आहे. जी. एच., अठ्ठावन्न. एकट्या राहतात. झोप चार तास. दुपारचं जेवण गाडीत.” ग्लेंडाने ऐकलं, पण तिच्या कानात अजून ती दोन अक्षरं होती. ती खिडकीबाहेर बघत होती. अठ्ठावन्न, एकटी, गाडीत जेवते. गरीब बिचारी. हिला माणूस नाही कोणी. “सुट्टी कधी घेतली ते आठवत नाही. दिवसभर इतरांचं ऐकतात, स्वतः बोलतात का या प्रश्नाला, इथं लिहिलंय, ‘उत्तर आलं नाही’. गुण अकरा.” टॅम्सिनने कागद खाली ठेवला. “कोण घेतंय?”

शांतता सुरू झाली. चष्मे पुसले जाऊ लागले. फेमी प्रार्थना करत नव्हती, आता तिलाही कळलं होतं. ती डायरीतला मार्च बघत होती. ग्लेंडाच्या कानामागे ऊन लागलं. ती अनोळखी बाई दाराबाहेर कोट घालून उभी होती, केस ओले, हातात सँडविचचा डबा. अकरा गुण, आणि कोणी घेत नाही. इतकं मोठं ओझं, पण मी तर हिरवी आहे. ग्लेंडाचं तोंड उघडलं. “मी—” आणि तेवढ्यात दाराबाहेरच्या त्या बाईने मान वर केली, आणि तिचा कोट ओळखीचा निघाला.

ग्लेंडाचं तोंड उघडंच राहिलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच ते वाक्य अर्ध्यावर अडकलं. तिचा चेहरा लाल झाला, तक्त्यावर कोणी झालं नसेल इतका लाल, आणि आठ माणसं तिच्याकडे बघून वाट पाहत होती की ती नेहमीप्रमाणे पुढचा शब्द म्हणेल आणि आपण सुटू.

“ही माझी,” क्लाइव्ह म्हणाला.

सगळ्यांनी माना वळवल्या. क्लाइव्हने आपणहून कागद घेतल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं. त्याने नाडीला हातसुद्धा लावला नव्हता.

“क्लाइव्ह, तू लाल आहेस,” टॅम्सिन म्हणाली.

“असेन. दोन गुण माझे कमी कर, मिसेस पिकल्सचा कुत्रा वारला.” मग त्याने घसा खाकरला. “पण ते खालचं वाच. आधाराचं वाचलं नाहीस तू.”

टॅम्सिनने कागद उचलला. “सध्याचा आधार. एकाआड एक गुरुवार, एका वयस्कर गृहस्थांकडे...” ती थांबली. तिने कागदावरच्या आद्याक्षरांकडे बघितलं, मग ग्लेंडाकडे, मग भिंतीकडे, जिच्या पलीकडे किटली होती. ती फार चांगली मुलगी होती, हे आधी सांगितलंच आहे. तिची मान हळूहळू गुलाबी झाली. “हे... हे आपल्या नियमात बसत नाही,” ती म्हणाली.

“बसतं,” क्लाइव्ह म्हणाला. “तुझ्याच फॉर्मच्या पहिल्या पानावर आहे, जाड अक्षरात. रुग्णाचा असलेला आधार आपल्या सोयीसाठी काढून घेऊ नये. मी वाचलंय. सगळे फॉर्म वाचतो मी, म्हणून तर कामं होत नाहीत माझी.”

“काढू नका,” फेमी एकदम म्हणाली, आणि मग सवयीने, “आमेन.”

कोणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले, ग्लेंडाही. फक्त तिचं हसणं थोडं ओलं होतं. टॅम्सिनने यादीतली पाचवी आद्याक्षरं खोडली. नुसती खोडली नाहीत, पेन दाबून खोडली. त्या महिन्यात पुढे तक्त्यावर एक नवीन रकाना आला आणि त्याचं काय करायचं यावर तीन बैठका झाल्या, त्यातून फारसं काही निघालं नाही. पण ग्लेंडाच्या नावामागचा रंग नारिंगी झाला, आणि दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी अडीच वाजता ऑर्मरॉड यांनी तिला खुर्चीत बसवून थरथरत्या हातांनी स्वतः चहा केला, निम्मा बशीत, आणि अकरा गुणवाल्यांनी उठायचं नाही असा दम दिला.

ते नंतरचं. त्या मंगळवारी दुपारी ती नेहमीसारखी दहनगृहाच्या पार्किंगमध्ये गाडी लावून, डबा मांडीवर घेऊन बसली होती. काचेवर टकटक झाली. बाहेर क्लाइव्ह, टोपीवर पाऊस, बगलेत फाइल, हातात डबा. तो दार उघडून शेजारी बसला. त्याच्या वजनाने गाडी एका बाजूला कलली.

“पाच दिवसांच्या आत पहिली भेट,” तो म्हणाला. “नियम आहे.”

“तुला कसं कळलं मी इथं असते?”

“मी पण इथंच जेवतो. त्या टोकाला, झाडाखाली. चार वर्षं झाली. तू कधी मागं वळून बघितलं नाहीस.”

ग्लेंडाने मागे वळून बघितलं. झाडाखाली त्याची निळी गाडी उभी होती. चार वर्षं. चार वर्षं दोन माणसं एकाच पावसात, एकाच पार्किंगच्या दोन टोकांना बसून, आपापलं सँडविच खात होती, आणि मग ऑफिसात जाऊन एकमेकांना विचारत होती की जेवलास का. तिला काहीतरी बोलावंसं वाटलं. क्लाइव्हने फाइल उघडली, पेन काढलं, पहिला प्रश्न वाचला, आणि मग फाइल बंद करून मागच्या सीटवर टाकली. “नंतर भरू,” तो म्हणाला. त्याने डबा उघडून दोघांच्या मध्ये ठेवला. चीज आणि लोणच्याची चार सँडविचं. दोघं खात राहिली. पाऊस टपावर वाजत होता. तिने काही ऐकून घेतलं नाही, त्याने काही सांगितलं नाही.

डब्यात एक उरलं.

दोघांनी त्याच्याकडे बघितलं. शांतता सुरू झाली. ग्लेंडाला ती पायांतून वर चढताना कळली. दहा सेकंदं. कानामागे ऊन. आईची खिडकीकडे वळलेली मान, गार होणारा बटाटा. तिचा हात मांडीवरून उठला, स्टिअरिंगपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. वीस सेकंदं. तिने स्टिअरिंग घट्ट धरलं, गाडी बंद असताना. काही झालं नाही. पाऊस पडत राहिला, आणि कोणी मेलं नाही.

“तू नाही ना घेत?” क्लाइव्हने विचारलं.

“नाही,” ग्लेंडा म्हणाली.

“बरं,” म्हणून त्याने ते उचललं आणि दोन घासांत खाऊन टाकलं.